बेलमाँट स्टेक्स: पहिल्या क्रमांकांचे मानकरी

बेलमाँट स्टेक्स ही अमेरिकेच्या ट्रिपल क्राउनमधली, म्हणजे केंटकी डर्बी, प्रीकनेस आणि बेलमाँट या तीन घोडशर्यतींच्या मालिकेतली, तिसरी आणि सर्वांत लांब शर्यत. तीन वर्षांच्या थरोब्रेड (शर्यतीच्या जातीच्या) घोड्यांसाठी ती जूनमध्ये, एरवी न्यूयॉर्कजवळच्या बेलमाँट पार्कवर, मातीच्या ट्रॅकवर होते. १८६७ साली पहिली शर्यत रूथलेस या घोडीने जिंकली. नर घोड्याच्या पाठीवर १२६ पौंड वजन असते, घोडीच्या १२१. अंतर १२ फर्लांग, म्हणजे सुमारे २,४१४ मीटर; महालक्ष्मीच्या इंडियन डर्बीइतकेच जवळजवळ, पण ती हिरवळीवर धावतात.

निकालांची यादी वाचताना विजेत्याइतकेच दुसऱ्या घोड्याकडे आणि मधल्या अंतराकडे पाहावे. ते अंतर लेंग्थमध्ये मोजतात. एक लेंग्थ म्हणजे साधारण आठ फूट. १९७३ मध्ये सेक्रेटेरिएट ३१ लेंग्थने जिंकला, वेळ २ मिनिटे २४ सेकंद. मातीवर या अंतराचा हा विक्रम आजही अबाधित आहे. ट्वाइस अ प्रिन्स दुसरा, माय गॅलंट तिसरा. आधीच्या दोन्ही शर्यतींत दुसरा आलेला शॅम मात्र पाचांत शेवटचा, कारण पहिले सहा फर्लांग १ मिनिट ९.८ सेकंदांत झाले आणि त्या वेगात सेक्रेटेरिएटला चिकटून राहताना त्याचा दम संपला. १९७८ मध्ये अफर्म्ड आणि अॅलिडार शेवटच्या वळणाच्या आधीपासूनच अंगाला अंग लावून धावले. अफर्म्ड केवळ डोक्याच्या अंतराने पुढे राहिला, तिसरा घोडा १३ लेंग्थ मागे होता. अॅलिडार तिन्ही शर्यतींत दुसरा आला. इतका मोठा हरलेला घोडा या यादीत दुसरा नाही.

फेव्हरिट, म्हणजे ज्यांच्यावर सर्वांत जास्त पैसा लागतो ते घोडे, इथे वारंवार हरतात. बहुतेक घोडे १२ फर्लांग पहिल्यांदाच धावत असतात, आणि ट्रिपल क्राउनचा दावेदार पाच आठवड्यांतली तिसरी शर्यत खेळत असतो. शिवाय हा ट्रॅक दीड मैलाचा आहे. एक मैलाच्या ट्रॅकची सवय असलेला जॉकी लांबलचक वळणावर घोडा पूर्ण वेगात फार लवकर सोडतो. २००४ मध्ये स्मार्टी जोन्सला सुरुवातीपासून प्रतिस्पर्ध्यांनी दम घेऊ दिला नाही. मधली प्रीकनेस टाळून ताजातवाना आलेल्या बर्डस्टोनने अखेरच्या काही यार्डांत त्याला एका लेंग्थने गाठले. १९९८ मध्ये रिअल क्वाएट सरळ पट्टीत चांगला पुढे असूनही व्हिक्टरी गॅलपकडून नाकभर अंतराने हरला. २००२ चा साराव्हा तर ७० ला १ भावाचा घोडा, दोन डॉलरच्या पैजेला १४२.५० डॉलर देऊन गेला. २००७ मध्ये रॅग्ज टू रिचेस या घोडीने कर्लिनला डोक्याच्या अंतराने हरवले.

२०१५ मध्ये अमेरिकन फॅरोह (दुसरा फ्रॉस्टेड, तिसरा कीन आइस) आणि २०१८ मध्ये जस्टिफाय (दुसरा ग्रॉन्कोव्स्की, तिसरा हॉफबर्ग) यांनी तिन्ही शर्यती जिंकून ट्रिपल क्राउन पूर्ण केला.

वेळांची तुलना करताना एक पथ्य पाळावे. २०२० ची शर्यत नऊ फर्लांगांची होती (विजेता टिझ द लॉ). २०२४ आणि २०२५ च्या शर्यती बेलमाँट पार्कऐवजी साराटोगाच्या ट्रॅकवर, दहा फर्लांगांच्या झाल्या. २०२४ मध्ये डॉर्नॉक पहिला, माइंडफ्रेम दुसरा, सिएरा लिओन तिसरा. २०२५ मध्ये सॉव्हरेन्टी, जर्नलिझम, बाएझा. केंटकी डर्बीचाही नेमका हाच क्रम होता.