बँक म्हणजे हळदीचं पेव नव्हे

जून २०२५ मध्ये रिझर्व्ह बँकेने एकाच दिवशी दोन निर्णय जाहीर केले. रेपो दर, म्हणजे बँकांना उसने पैसे द्यायचा रिझर्व्ह बँकेचा दर, अर्ध्या टक्क्याने उतरवून ५.५० वर आणला आणि सीआरआर, म्हणजे प्रत्येक बँकेने रिझर्व्ह बँकेकडे सक्तीने ठेवायची शिल्लक, ठेवींच्या ४ टक्क्यांवरून चार हप्त्यांत ३ टक्क्यांवर आणायचं ठरवलं. लगेच बातम्या झळकल्या, ‘कर्जवाटपासाठी बँकांच्या हातात अडीच लाख कोटी’. सांगलीच्या मार्केट यार्डात मग एकच प्रश्न ऐकू येत होता: “आपल्या बँकेत त्यातलं किती येणार, आन कवा येणार?”

विचारणाऱ्याचं काही चुकलं नाही. आकडाही बरोबर होता, एवढी रक्कम सीआरआरमधून खरोखरच मोकळी होणार होती. घोळ ‘कर्जवाटपासाठी’ या शब्दात होता. त्या अडीच लाख कोटींतला एक रुपयाही कुठली बँक हळदीच्या व्यापाऱ्याला उचलून देऊ शकत नाही. का, ते समजून घ्यायला थोडं खतावणीत, म्हणजे बँकेच्या हिशेबाच्या वहीत, डोकवावं लागेल.

आपल्या डोक्यात बँकेचं जे चित्र असतं ते सांगलीजवळच्या हरिपूरच्या पेवासारखं आहे. जमिनीत खोल खड्डा, त्यात हळद ओतायची, तोंड लिंपून टाकायचं आणि भाव आला की काढायची. २००५ च्या महापुराने यातली बरीच पेवं बुडवली, पण कल्पना शाबूत आहे: जेवढी आत टाकली तेवढीच बाहेर निघणार. बँकही तशीच, ठेवीदार पैसे टाकतात आणि त्यातलेच बँक कर्जदाराला काढून देते. बारावीचं अर्थशास्त्रही हेच शिकवत आलं आहे. शंभराची ठेव आली, दहा बाजूला ठेवले, नव्वद कर्ज दिले, ते नव्वद दुसऱ्या बँकेत गेले, तिने एक्क्याऐंशी दिले, आणि असंच पुढे. गणित सुरेख आहे. बँकेत बसलेला माणूस मात्र तसं काही करत नाही.

एक व्यवहार अगदी जवळून बघू. एका व्यापाऱ्याचं बँकेत हळदीच्या तारणावर सीसी खातं आहे, म्हणजे ठरलेल्या मर्यादेपर्यंत उचल घ्यायची मुभा. सौद्यात त्याने एका शेतकऱ्याची वीस क्विंटल राजापुरी हळद क्विंटलला पंधरा हजारांनी घेतली. पट्टी, म्हणजे विक्रीचं बिल, झाली तीन लाखांची. शेतकऱ्याचं खातं त्याच बँकेत आहे. व्यापाऱ्याने पैसे वळते केले तेव्हा नेमकं काय झालं? व्यापाऱ्याच्या खात्यावर तीन लाख नावे पडले, बँकेचं येणं तीन लाखांनी वाढलं. शेतकऱ्याच्या खात्यावर तीन लाख जमा झाले, बँकेचं देणंही तेवढंच वाढलं. बस्स.

आता सांगा, हे तीन लाख कुणाच्या ठेवीतून आले? गणपती पेठेतल्या पेन्शनर काकांची ठेव जिथल्या तिथे आहे. तिजोरीतली एक नोट हललेली नाही. काल देशातल्या सगळ्या खात्यांची बेरीज जी होती, ती आज तीन लाखांनी जास्त आहे. हा पैसा त्या नोंदीबरोबरच जन्माला आला. पुढे व्यापाऱ्याने हळद निझामाबादच्या किंवा मुंबईच्या गिऱ्हाईकाला विकून सीसी भरली की त्या गिऱ्हाईकाच्या खात्यातले पैसे कमी होतात, व्यापाऱ्याचं कर्ज कमी होतं आणि तेवढा पैसा नाहीसा होतो. तो कुठे जाऊन बसत नाही, संपतो. बँक ऑफ इंग्लंडने २०१४ च्या आपल्या त्रैमासिकात हे स्वच्छ लिहिलं, पण बँकेत नोकरी केलेल्या कुठल्याही जुन्या कारकुनाला त्यात नवल वाटणार नाही.

२०२५ च्या सुमारास भारतात चलनात असलेल्या नोटा सुमारे ३७ लाख कोटींच्या होत्या आणि नोटा-ठेवी मिळून एकूण पैसा २७० लाख कोटींच्या घरात. म्हणजे नाशिकच्या छापखान्यातून, देवास, म्हैसूर, सालबोनीतून येणारा पैसा सातव्या हिश्श्याच्या आसपास. बाकी सगळा खतावणीतला.

मग बँकेला लगाम कसला? इथून पुढे जरा सावकाश वाचा.

समजा शेतकऱ्याचं खातं दुसऱ्या बँकेत आहे. आता आपल्या बँकेला त्या बँकेला तीन लाख खरोखर द्यावे लागतात. हे पैसे कुठले? प्रत्येक मोठ्या बँकेचं रिझर्व्ह बँकेत एक चालू खातं असतं, त्यातले. या खात्यातल्या शिलकीला राखीव शिल्लक म्हणू. ती फक्त बँका-बँकांमध्ये फिरते. तुमच्या-माझ्या हातात ती फक्त नोटांच्या रूपाने पडते, बँकेने नोटा मागवल्या की. दिवसभरात इकडून तिकडे, तिकडून इकडे हजारो व्यवहार होतात. दुसऱ्या बँकेतून खताच्या दुकानदाराचे पैसे आपल्या बँकेकडेही येतात. शेवटी राहतो तो फरक. ज्या बँकेला संध्याकाळी कमी पडले ती दुसऱ्या बँकेकडून एका रात्रीपुरते उसने घेते.

या एका रात्रीच्या उसनवारीचा भाव म्हणजेच रिझर्व्ह बँकेच्या हातातला लगाम. सरकारी रोखे, म्हणजे सरकारने घेतलेल्या कर्जाचे कागद, गहाण ठेवून रिझर्व्ह बँक ज्या दराने पैसे देते तो रेपो. अगदी अडलेल्या बँकेसाठी त्याच्या पाव टक्का वर एक खिडकी उघडी असते आणि जास्तीचे पैसे ठेवायला पाव टक्का खाली दुसरी, तिला एसडीएफ म्हणतात, ती एप्रिल २०२२ पासूनची. वरच्या भावाहून महाग कोणी घेणार नाही, खालच्या भावाहून स्वस्त कोणी देणार नाही. म्हणून रात्रीचा दर या दोन भिंतींच्या मध्ये राहतो. त्यावर तीन महिन्यांचा, त्यावर वर्षाचा, त्यावर दहा वर्षांचा, अशा दरांच्या पायऱ्या उभ्या राहतात.

सीआरआर मोजला जातो तोही मागच्या पंधरवड्यांतल्या ठेवींवर. म्हणजे कर्ज देऊन झालेलं असतं, ठेव तयार झालेली असते, आणि शिल्लक शोधायची वेळ नंतर येते. आपल्या तीन लाखांमागे ती नऊ हजारांची. त्या वेळी सगळ्याच बँका एकदम शिल्लक शोधू लागल्या तर रात्रीचा दर भडकेल, आणि रिझर्व्ह बँकेने स्वतः जाहीर केलेला दर तिला सांभाळायचा असतो. म्हणून ती शिल्लक पुरवते. सीआरआर कमी केल्याने अडीच लाख कोटी मोकळे झाले, याचा अर्थ एवढाच की बिनव्याजी अडकलेली रक्कम बँकांना वापरता आली, रात्रीचा दर नरमला आणि बँकांचा खर्च थोडा घटला. यार्डात येणारी पैशांची पोती त्यात नव्हतीच.

कर्ज द्यायचं की नाही हे ठरतं वेगळ्याच गोष्टींवर. बँकेचं स्वतःचं भांडवल किती (जोखमीच्या हिशेबाने कर्जाच्या निदान ९ टक्के हवं), कर्ज फिटेल का, आणि मुळात कोणी मागतंय का.

पतसंस्थेचं तसं नाही. तिचं रिझर्व्ह बँकेत खातं नसतं, ती स्वतःच कुठल्या तरी बँकेची खातेदार असते. त्यामुळे ती खरोखर आलेल्या ठेवीतूनच कर्ज देते. तिला पेव म्हणा, हरकत नाही. बँकेतल्या ठेवींना ५ लाखांपर्यंत जे विमा संरक्षण आहे ते तिथे नाही, हे ज्यादा व्याजाच्या पाटीखाली कुणी लिहीत नाही.

‘जेवढं सोनं तेवढ्याच नोटा’ हे व्हॉट्सअॅपवरचं आवडतं ज्ञानही इथेच निकालात काढू. १९५७ पासून कायद्याने नोटांमागे रिझर्व्ह बँकेकडे २०० कोटींचा किमान राखीव निधी पुरतो, त्यात ११५ कोटींचं सोनं. लाखो कोटींच्या नोटांसमोर हा आकडा नाममात्र आहे.

राहिलं सरकार. त्याचंही खातं रिझर्व्ह बँकेतच. आगाऊ कर भरायची १५ तारीख आली की लोकांच्या ठेवी आणि बँकांची राखीव शिल्लक दोन्ही तिकडे वळतात आणि रात्रीचा दर ताणला जातो. पीएम किसानचे दोन हजार पडले की उलटं होतं. येणं कमी आणि खर्च जास्त, हा फरक भरून काढायला जेवढं कर्ज लागतं ती राजकोषीय तूट. २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात ती १५.६९ लाख कोटी धरली होती, जीडीपीच्या ४.४ टक्के. त्याच वर्षी जुन्या कर्जाच्या व्याजाची तरतूद होती १२.७६ लाख कोटी. तुटीतून व्याज वजा केलं की उरते ती प्राथमिक तूट, तीन लाख कोटींहूनही कमी. म्हणजे नव्या कर्जाचा बहुतेक भाग जुन्याचं व्याज भरण्याइतका. आणि पगार, व्याज, अनुदान अशा रोजच्या खर्चापुरतंच जे कमी पडतं ती महसुली तूट. रस्ते-रेल्वेवरचा भांडवली खर्च तीत धरत नाहीत. चर्चेत या तिन्ही तुटी सर्रास एकमेकींच्या जागी वापरल्या जातात.

“मग नोटा छापून फेडा की!” सरकारला ते आता सरळ करता येत नाही. वित्तीय जबाबदारीच्या २००३ च्या कायद्याने एप्रिल २००६ पासून रिझर्व्ह बँकेला सरकारकडून थेट रोखे घ्यायला बंदी आहे. बाजारातून, म्हणजे बँकांकडून, ते ती घेऊ शकते आणि घेतेही. हे मागचं दार आहे अशी टीका होते. मला ती अर्धीच पटते, कारण बाजारात रोख्यांचा भाव दिसतो, आणि सरकारची पत घसरत असेल तर ती आधी तिथे कळते.

या सगळ्यातून ५.५० चा रेपो यार्डात किती उतरला? व्यापारी बँकांची बदलत्या दराची घरकर्जं आणि लहान उद्योगांची कर्जं ऑक्टोबर २०१९ पासून बाहेरच्या मापदंडाला, बहुधा रेपोलाच, बांधलेली आहेत. तिथे हप्ता आपोआप हलतो. सहकारी बँकांना ती सक्ती नाही, त्यामुळे तिथली सीसी असेल तर दर केव्हा बदलेल ते त्या बँकेचं संचालक मंडळ ठरवणार. आणि हळद लावणाऱ्याचं तीन लाखांपर्यंतचं पीककर्ज? त्याचा दर केंद्राच्या योजनेने ७ टक्के ठरलेला, वेळेत फेडलं तर ४, आणि राज्याची सवलत धरली तर शून्य. रेपो वर जावो की खाली, त्याला फरक पडतो तो ३१ मार्चच्या आत भरलं की नाही याचा.