एका शार्कची किंमत 19 लाख डॉलर: हा हिशोब झाला कसा?

मेलेल्या शार्कचे 108 डॉलर, जिवंत शार्कचे आयुष्यभरात 19 लाख डॉलर. पलाऊ या देशातल्या शार्कबद्दलचे हे दोन आकडे गेली काही वर्षं जगभर फिरताहेत. समुद्र वाचवण्याच्या कुठल्याही परिषदेत ते कुणीतरी पडद्यावर दाखवतोच. आकडे खरे आहेत, पण ते कसे निघाले हे फारसं कुणी सांगत नाही. खरी गंमत तर तिथेच आहे.

पलाऊ फिलिपिन्सच्या पूर्वेला, पश्चिम प्रशांत महासागरात आहे. शेकडो बेटं, पण सगळी जमीन एकत्र केली तरी मुंबईपेक्षा कमी. लोकसंख्या वीस हजारांच्या आत. मात्र या देशाच्या हक्काचा समुद्र सुमारे 6 लाख चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राच्या जवळजवळ दुप्पट. इथे लोक येतात ते मुख्यतः पाण्याखाली उतरायला.

ऑस्ट्रेलियन संशोधकांच्या एका गटाने 2010च्या सुमारास इथे डायव्हर (पाण्याखाली उतरणारे पर्यटक), त्यांच्या सहली चालवणारे आणि मच्छीमारांना गाठून प्रश्नावल्या भरून घेतल्या. येणाऱ्या डायव्हरपैकी सुमारे 21 टक्के लोक खास शार्क बघायला आले होते. त्यांचा हॉटेल, जेवण, बोटी वगैरेंवरचा खर्च धरून शार्कमुळे देशात वर्षाला सुमारे 1 कोटी 80 लाख डॉलर येतात असं निघालं. देशाच्या एकूण उत्पन्नाच्या हे सुमारे 8 टक्के! मग प्रश्न आला की हे पैसे कमावून देणारे शार्क किती? डायव्हर जातात त्या मोजक्या जागांवर नेहमी दिसणारे साधारण 100. भागाकार केला, एका शार्कमागे वर्षाला 1 लाख 79 हजार डॉलर आले, आणि त्यावरून आयुष्यभराचे 19 लाख.

या भागाकाराकडे जरा संशयाने बघायला हवं. शार्क 100 ऐवजी 200 असते तर प्रत्येकाची किंमत निम्मी झाली असती, म्हणजे शार्क वाढले की शार्क स्वस्त. शिवाय 100 पैकी एक मेला म्हणून पलाऊचे पावणेदोन लाख डॉलर बुडत नाहीत. 99 शार्क बघूनही पर्यटक खूशच असतो. अर्थशास्त्र शिकवणारा कुणीही हे पहिल्या पाच मिनिटांत सांगेल. तरीही मला हा हिशोब खोटा वाटत नाही, आणि त्याचं कारण अर्थशास्त्रात नाही, शार्कच्या सवयीत आहे.

इथला मुख्य नट म्हणजे ग्रे रीफ शार्क, दीड-दोन मीटर लांबीचा. पलाऊतली ब्लू कॉर्नर ही जागा त्याच्यामुळेच जगप्रसिद्ध झाली. प्रवाळ खडकाचं एक पठार समुद्रात टोकासारखं घुसलं आहे आणि त्याच्या कडेला कातळ सरळ खोल उतरतो. भरती-ओहोटीचा प्रवाह या भिंतीवर आदळतो आणि वर उसळतो. त्या ओढीत माणसाला एका जागी थांबणं अशक्य. म्हणून पलाऊत डायव्हर दोरी बांधलेला एक हुक बाळगतात. तो मेलेल्या प्रवाळाच्या खडकात अडकवायचा, दोरीचं दुसरं टोक आपल्या जाकिटाला, आणि मग प्रवाहात तरंगत समोरून जाणारे शार्क बघत राहायचं.

पण शार्क तिथे का थांबतात? त्यांना हवा भरलेली पिशवी नसते, त्यामुळे पोहणं थांबलं की ते बुडू लागतात. या जातीला तर श्वासासाठीही सतत पुढे सरकावं लागतं. म्हणजे झोप काढायची तरी शेपूट हलवत. फ्रेंच पॉलिनेशियातल्या फाकारावा बेटाजवळच्या खाडीत याच जातीवर झालेला, 2021 साली प्रसिद्ध झालेला अभ्यास सांगतो की खडकावर आदळून वर उसळणारा प्रवाह शार्कना उचलून धरतो आणि त्यांची किमान 10 ते 15 टक्के ऊर्जा वाचते. उन्हाने तापलेल्या हवेच्या झोतावर घार पंख न हलवता घिरट्या घालते, तसाच हा प्रकार. एक शार्क प्रवाहाविरुद्ध अगदी हळू पुढे सरकतो, टोकाला पोहोचला की स्वतःला मागे वाहून जाऊ देतो आणि पुन्हा रांगेत लागतो.

म्हणजे चांगला प्रवाह आणि चांगला कातळ जिथे एकत्र येतात ती जागा शार्कला आवडते, आणि तो ती सहजी सोडत नाही. पलाऊत संशोधकांनी शार्कना ध्वनिखुणा देणारी छोटी यंत्रं बसवली आणि खडकांवर त्या खुणा ऐकणारी यंत्रं ठेवली. तेच ते शार्क महिनोन्महिने त्याच त्या कोपऱ्यांवर हजेरी लावत होते. पाणी तापलं की ते खोल जात, आणि पौर्णिमेच्या सुमारासही अमावास्येपेक्षा खोल राहत.

घोळ इथेच आहे. जागा न सोडणारा प्राणी पर्यटकाला हमखास दिसतो आणि मच्छीमारालाही हमखास सापडतो. दोन-चार रात्री कुणी नीट गळ टाकले तर अख्खा कोपरा रिकामा होऊ शकतो, आणि तो लवकर भरत नाही. ग्रे रीफ शार्कच्या मादीला वयात यायला सात-आठ वर्षं किंवा त्याहून जास्त लागतात. गर्भारपण सुमारे वर्षभराचं, आणि एका वेळी पिल्लं एक ते सहा. म्हणून एका शार्कची किंमत काढणं काहीसं भाबडं असलं, तरी 100 शार्कची किंमत काढणं रास्त आहे. जातील तर ते एकेक करून जाणार नाहीत. ते सगळे मारून विकले तर एकदाच 10,800 डॉलर मिळतील, आणि वर्षाचे 1 कोटी 80 लाख धोक्यात येतील.

पलाऊने हे आकडे यायची वाट बघितली नव्हती. 2003 साली परदेशी जहाजाकडून जप्त केलेले शार्कचे पर (फिन) तिथे जाहीरपणे जाळले गेले. सप्टेंबर 2009 मध्ये राष्ट्राध्यक्ष जॉन्सन टोरिबियोंग यांनी संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत जाहीर केलं की देशाचा सगळा समुद्र आता शार्कचं अभयारण्य आहे, जगातलं पहिलं. पुढच्याच वर्षी मालदीवनेही शार्क मासेमारीवर बंदी घातली. तिथे तर असा हिशोब नव्वदच्या दशकातच मांडला गेला होता. 2015 मध्ये पलाऊने आणखी मोठा कायदा केला आणि 1 जानेवारी 2020 पासून आपल्या सागरी क्षेत्राच्या 80 टक्के भागात व्यापारी मासेमारी बंद केली.

कागद झाला, पण पहारा कोण देणार? एवढ्या समुद्रात अनेक वर्षं पलाऊची एकच मोठी गस्ती नौका फिरत होती. 2015 मध्ये पकडलेल्या चार व्हिएतनामी बोटी सरकारने पेटवून दिल्या, तो इशारा होता, पण त्यातून हतबलताही दिसते. पुढच्या वर्षी प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासातली गोष्ट मला सगळ्यात बोलकी वाटते. डायव्हरची वर्दळ असलेल्या खडकांवर शार्क भरपूर होते. दूरच्या, कुणी न फिरकणाऱ्या खडकांवर मात्र ते कमी, आणि तिथे टाकून दिलेले दोर-गळ सापडले. म्हणजे सकाळ-संध्याकाळ बोट घेऊन येणारा डाइव्ह गाइड हाच पलाऊचा बिनपगारी पहारेकरी आहे.

आणि तो पर्यटकाच्या पैशावर येतो, सरकारच्या नाही. 2015 मध्ये पलाऊत दीड लाखाहून जास्त पर्यटक आले. 2017 मध्ये चीनने तिथल्या सहलींवर बंदी आणली, कारण पलाऊचे राजनैतिक संबंध तैवानशी आहेत. मग 2020 मध्ये कोविड आला आणि विमानंच थांबली. शार्क जागच्या जागी, पण भागाकारातला वरचा आकडा कोसळला. आता विद्यमान राष्ट्राध्यक्ष सुरँगेल व्हिप्स ज्युनियर तो 80 टक्क्यांचा बंद भाग थोडा सैल करावा असं म्हणतात, ते याच पैशाच्या ओढाताणीतून.

आपल्याकडे हा हिशोब जसाच्या तसा लावता येईल का? मला तरी अवघड वाटतं. पलाऊत शार्कवर पोट भरणारे स्थानिक मच्छीमार मोजकेच होते, धोका होता तो परदेशी टूना जहाजांकडून. कोकणात मोरी, म्हणजे शार्कच, ही बाजारात येणारी रोजची मासळी. भारतात व्हेल शार्कला 2001 पासून कायद्याचं संरक्षण आहे आणि परांच्या निर्यातीवर 2015 पासून बंदी आहे, पण बऱ्याच शार्क जाती आजही कायदेशीररीत्या पकडल्या जातात. तारकर्लीत स्कुबा जोरात चालतं, पण तिथे शार्क बघायला कुणी येत नाही. शिवाय पैसा कुणाकडे जातो हेही बघायला हवं. पलाऊच्या त्या 1 कोटी 80 लाखांतून स्थानिक लोकांना पगारापोटी वर्षाला सुमारे 12 लाख डॉलर मिळत होते आणि सरकारला करापोटी सुमारे 15 लाख. मालवणच्या मच्छीमाराला मोरी पाण्यात सोड म्हणायचं, तर त्याच्या वाट्याला किती येणार ही रक्कम आधी काढावी लागेल, आणि ती काढण्यासाठी लागणारी शार्कची गणतीही.