ज्वारी-कुटकीचं सुधारित वाण आपल्याच वावरात पारखायचं आहे? अर्ज कुठे, कागदपत्रं कोणती

विद्यापीठाच्या प्रक्षेत्रावर भरघोस आलेलं वाण आपल्या बरड वावरात तसंच येईल, असं छातीठोकपणे कोणी सांगू शकत नाही. ते आपल्याच मातीत, आपल्याच पावसावर पाहावं लागतं. त्यासाठी कास्तकाराला दोन सरकारी वाटा आहेत.

पहिली वाट कृषी विज्ञान केंद्राची. वर्ध्यात सेलसुरा, गडचिरोलीत सोनापूर, चंद्रपुरात सिंदेवाही, अमरावतीत दुर्गापूर आणि घातखेड. विदर्भातल्या प्रत्येक जिल्ह्यात असं केंद्र आहे. तिथे 'शेतावरील चाचणी' आणि 'आद्यरेखा प्रात्यक्षिक' असे दोन प्रकार चालतात. वाण आपल्या भागाला मानवतं की नाही हेच ठरवायचं असतं तेव्हा चाचणी, ती मोजक्याच शेतकऱ्यांकडे होते. प्रसारित झालेलं वाण लोकांना दाखवायचं असेल तर प्रात्यक्षिक, साधारण एक एकरावर. मला चाचणी जास्त मोलाची वाटते, कारण तिथे 'हे वाण आमच्याकडे चालत नाही' हे उत्तरही तितकंच कामाचं असतं.

यासाठी केंद्रातल्या विषय विशेषज्ञांना भेटा. खरिपाची निवड पेरणीआधी होते, म्हणून एप्रिल-मे महिन्यातच जा. मृग लागल्यावर गेलात तर वर्ष गेलं. सोबत सातबारा, आठ-अ आणि आधारची प्रत न्या. माती परीक्षणाचा अहवाल असेल तर तोही. मदत बहुधा बियाणं आणि बीजप्रक्रियेच्या औषधाच्या रूपात मिळते. रोख रकमेची आशा धरून जाऊ नका.

दुसरी वाट महाडीबीटी पोर्टलची, म्हणजे राज्य सरकारच्या योजनांसाठी ऑनलाइन अर्ज करायच्या संकेतस्थळाची. अन्न सुरक्षा अभियानातलं पीक प्रात्यक्षिक गटाला मिळतं, एकेकट्याला नाही. साधारण 10 हेक्टरचा सलग पट्टा, त्यात प्रत्येकाचा एक एकर. म्हणून आधी गावात नोंदणी झालेला शेतकरी गट हवा. शेतकरी ओळख क्रमांक आता बंधनकारक आहे. तो काढला नसेल तर आधार, सातबारा आणि आधारला जोडलेला मोबाइल घेऊन सेवा केंद्रात जा. बँक खातंही आधारशी जोडलेलं हवं. अनुसूचित जाती-जमातीच्या राखीव भागातून अर्ज असेल तर जातीचा दाखला लागतो. 2025 पासून सोडत बंद होऊन 'प्रथम येणाऱ्यास प्राधान्य' आलं आहे, त्यामुळे कागदं आधीच जुळवून ठेवलेली बरी. अडलंच तर सहाय्यक कृषी अधिकाऱ्यांना, म्हणजे पूर्वीच्या कृषी सहायकांना विचारा.

धारणी, चिखलदरा किंवा गडचिरोलीत बऱ्याच जणांकडे सातबाऱ्याऐवजी वनहक्क पट्टा असतो. तो नवरा-बायको दोघांच्या नावे असतो, तेव्हा बाईनेही स्वतः अर्जासाठी पुढे यावं. कुटकी-कोदोसारख्या बारीक भरडधान्यांचं बी निवडून, राखून ठेवणारी बहुतेक तीच असते. पट्ट्याची प्रत घेऊन अर्जाआधी कृषी कार्यालयात एकदा विचारून घ्या.

आता खरं काम. नव्या वाणाशेजारी आपलं घरचं बी पेरलंच पाहिजे: एकच जमीन, एकच पेरणी, सारखंच खत, सारखीच डवरणी. घरच्या बियाण्याची ही पट्टी सोडली तर तुम्ही फुकट बियाण्याचे लाभार्थी उरता, पारखणारे नाही. धुऱ्याजवळच्या आणि बाभळीच्या सावलीतल्या ओळी मोजणीत धरू नका. वहीत पेरणी, फुलोरा आणि कापणीच्या तारखा लिहा, दोन्ही पट्ट्यांचं धान्य वेगळं तोला. कडबाही तोला; बैलं असलेल्या घरात धान्य वाढून कडबा घटला तर ते वाण टिकत नाही. ज्वारी पक्व होताना पाऊस आला की कणसाला बुरशी धरून दाणा काळा पडतो. अशा वेळी कोणतं कणीस उजळ राहिलं, हे नक्की टिपा. आणि भाकर करून पाहा. पीठ कसं मळलं जातं, भाकर थापताना फाटते का, हे घरच्या बाईच्या शब्दांत लिहून केंद्राला द्या, कारण तिथल्या तक्त्यात ते आपोआप येत नाही.

बियाण्याबद्दल एक गोष्ट आधीच विचारून घ्या: वाण सरळ आहे की संकरित? संकरित ज्वारीचं बी पुढच्या वर्षी राखून चालत नाही. कुटकीच्या 'फुले एकादशी'सारख्या सरळ वाणाचं बी मात्र राखता येतं. त्यासाठी चांगली कणसं उभ्या पिकातच निवडा, वेगळी झोडा, आणि बी कडक वाळवून राखेत ठेवा.