लॅपटॉपचं ग्राफिक्स कार्ड पळवायचंय? मग व्होल्टेज उतरवा

ओव्हरक्लॉकिंगचं, म्हणजे चिपला ठरलेल्या वेगापेक्षा जास्त पळवण्याचं सॉफ्टवेअर लॅपटॉपवर टाकलं की बहुतेकांचा हात पहिल्यांदा 'कोअर क्लॉक'च्या, म्हणजे चिपच्या वेगाच्या पट्टीवर जातो. पट्टी उजवीकडे सरकवायची, +१०० मेगाहर्ट्झ असा आकडा आला की 'अप्लाय' दाबायचं, आणि चिप आता तेवढी जास्त पळणार असं समजून गेम सुरू करायचा. डेस्कटॉपवर ही समजूत बऱ्यापैकी खपून जाते. लॅपटॉपवर मात्र गाडी बहुधा दुसऱ्याच ठिकाणी अडलेली असते.

ती अडते वॉटवर. एनव्हिडियाची आरटीएक्स ४०६० ही लॅपटॉपसाठीची चिप घ्या. कंपनीच्याच माहितीपत्रकात तिची मर्यादा ३५ ते ११५ वॉट अशी दिलेली आहे. त्यातले नेमके किती वॉट द्यायचे हे लॅपटॉप बनवणारा ठरवतो, अ‍ॅडॉप्टर, पंखे आणि तांब्याच्या उष्णतावाहक नळ्या पाहून. म्हणूनच एकाच नावाचं कार्ड असलेल्या दोन लॅपटॉपच्या कामगिरीत जमीन-अस्मानाचा फरक पडू शकतो. ही मर्यादा वाढवणारी 'पॉवर लिमिट'ची पट्टी लॅपटॉपवर बहुतेक वेळा करड्या रंगात, कुलूपबंद दिसते. ते बरंच आहे.

आता त्या वॉटचा हिशेब पाहू. माझ्या मते या सगळ्या प्रकरणातली खरी गंमत तिथेच आहे.

चिपमध्ये अब्जावधी ट्रान्झिस्टर असतात आणि प्रत्येकाचं गेट म्हणजे एक चिमुकला कपॅसिटर. शून्याचा एक करायचा तर तो भरायचा, एकाचा शून्य करायचा तर रिकामा करायचा. धारिता C आणि व्होल्टेज V असेल तर त्यात CV इतका विद्युतभार जातो, आणि तो V व्होल्टेजच्या स्रोतातून येतो. म्हणजे स्रोताने CV² इतकी ऊर्जा खर्च केली. बारावीच्या पुस्तकात मात्र कपॅसिटरमध्ये साठलेली ऊर्जा ½CV² दिलेली असते. उरलेली अर्धी कुठे गेली? वाटेतल्या रोधात, उष्णता होऊन. रोध निम्मा करा, दहावा हिस्सा करा, हा अर्धा वाटा काही सुटत नाही. रोध कमी झाला तर प्रवाह वाढतो आणि हिशेब पुन्हा तिथेच येतो. कपॅसिटर रिकामा होताना साठलेली अर्धीही तशीच जाते. हे चक्र सेकंदाला f वेळा झालं की शक्ती येते C × V² × f.

म्हणजे वारंवारिता (f, म्हणजेच क्लॉकचे मेगाहर्ट्झ) १० टक्के वाढली तर उष्णता १० टक्केच वाढते, पण व्होल्टेज १० टक्के वाढलं तर २१ टक्के. दोन्ही वाढली तर १.१ चा घन, म्हणजे ३३ टक्के. उलट दिशेने पाहा: वेग तोच ठेवून व्होल्टेज १.०० वरून ०.८५ वर आणलं तर ही शक्ती २८ टक्क्यांनी घटते. (गळतीचा प्रवाह वेगळा. तापमान वाढलं की तोही वाढतो, पण त्यात आत्ता शिरत नाही.)

मग व्होल्टेज आधीच कमी का ठेवत नाहीत? कारण व्होल्टेज कमी झालं की गेट सावकाश भरतं. क्लॉकचा पुढचा ठोका पडायच्या आत चिपमधल्या सगळ्यात लांब, सगळ्यात रेंगाळणाऱ्या मार्गावरचं उत्तरही तयार असावं लागतं; नाही तर चुकीचा आकडा पुढे जातो. म्हणून प्रत्येक चिपसोबत एक आलेख येतो: अमुक व्होल्टेजला अमुक मेगाहर्ट्झ. सिलिकॉनच्या एकाच तबकडीतून कापलेल्या दोन चिपाही सारख्या नसतात, त्यामुळे निर्माता कमजोर चिपेला धरून, वर थोडी जास्तीची सोय ठेवून आकडे देतो. ही जास्तीची सोय हीच आपली मिळकत.

एनव्हिडियाच्या कार्डांवर ती 'कोअर क्लॉक'ची पट्टी हा अख्खा आलेखच वर उचलते. व्होल्टेज तेच राहतं, फक्त त्या व्होल्टेजला जास्त मेगाहर्ट्झ मागितले जातात. समजा चिप ०.८० व्होल्ट आणि १५०० मेगाहर्ट्झवर वॉटच्या मर्यादेला टेकली आहे, आणि आलेखाचा चढ दर ६ मिलिव्होल्टला १५ मेगाहर्ट्झच्या आसपास आहे. +१०० दिलेत. ०.८० व्होल्टला १६०० झाले असते, पण त्यासाठी जास्त वॉट लागतात आणि ते तर नाहीत. म्हणून चिप नव्या आलेखावरून खाली घसरते आणि जवळपास ०.७८ व्होल्ट, १५६० मेगाहर्ट्झला स्थिरावते. मागितले १००, पदरात पडले ६०. आणि व्होल्टेज आधीपेक्षा कमीच! मर्यादेला टेकलेल्या लॅपटॉपवर ओव्हरक्लॉकिंग आणि अंडरव्होल्टिंग (व्होल्टेज उतरवणं) ही एकाच कृतीची दोन नावं आहेत.

एमएसआय आफ्टरबर्नर या ओव्हरक्लॉकिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये कंट्रोल आणि एफ दाबलं की हा आलेख उघडतो. हवं ते व्होल्टेज निवडून तिथला बिंदू वर उचलायचा आणि त्याच्या उजवीकडचा भाग सपाट करायचा. चिप त्या व्होल्टेजच्या वर जातच नाही. एका क्लिकमध्ये वेग वाढवणारे जे 'गेम बूस्टर' मिरवतात, त्यातले बरेचसे मागे चालू असलेले चार प्रोग्रॅम बंद करतात. त्यांना या आलेखाचा पत्ताही नसतो, जाहिरातीत रॉकेट मात्र हमखास असतं.

आफ्टरबर्नर दुसऱ्या कंपन्यांच्या कार्डांवरही चालतं. ते अधिकृत ठिकाणाहूनच उतरवा. नकली संकेतस्थळावरून घातक सॉफ्टवेअर पसरवलं जात असल्याचा इशारा २०२१ मध्ये एमएसआयनेच दिला होता. लॅपटॉप कंपनीचं स्वतःचं नियंत्रण सॉफ्टवेअरही क्लॉक बदलत असेल तर दोघांपैकी एकालाच ते काम द्या. नाही तर एकाने लावलेलं दुसरा पुसतो, आणि आपण ड्रायव्हरला दोष देत बसतो. पंख्याची पट्टी चालली नाही तर घाबरू नका, लॅपटॉपचे पंखे सहसा मदरबोर्डवरचा वेगळा नियंत्रक सांभाळतो.

मेगाहर्ट्झ फार मागितले तर पडदा क्षणभर काळा होतो. ग्राफिक्स चिपने २ सेकंदांत उत्तर दिलं नाही तर विंडोज ड्रायव्हर नव्याने सुरू करतं, त्याचा हा परिणाम. मेमरीची पट्टी जास्त फसवी. काही कार्डांची मेमरी चूक झाली की ती ओळखून माहिती पुन्हा पाठवते. पडदा ठीक दिसतो, पण फ्रेम घटतात. तेव्हा आकडा वाढवल्यावर वेग खरंच वाढला का, ते मोजूनच पाहायचं. विंडोजबरोबर सेटिंग आपोआप लागू करण्याचं बटण मात्र कित्येक तास भारी गेम नीट चालल्यावरच दाबा, कारण सेटिंग कच्ची असेल तर लॅपटॉप सुरू होता होताच अडकतो आणि सेफ मोडमध्ये जाऊन ती काढावी लागते.

आणि बॅटरीवर काम करताना आफ्टरबर्नर पूर्ण बंद करा. दोन ग्राफिक्स चिपा असलेल्या लॅपटॉपमध्ये मोठी चिप काम नसताना झोपते. तापमान किती, क्लॉक किती असं हे सॉफ्टवेअर सतत विचारत राहिलं तर ती जागीच राहू शकते, आणि बॅटरी उतरत जाते.