फाउंडेशन इयर : औपचारिक पात्रतेशिवाय प्रवेश (इंग्लंड)

इंग्लंडमधील विद्यापीठांत तीन वर्षांच्या पदवीच्या आधी जोडलेले तयारीचे वर्ष. ‘इयर झिरो’ हे त्याचे बोलीतले नाव. ए-लेव्हल (शाळेच्या शेवटी, अठराव्या वर्षाच्या सुमारास होणारी परीक्षा) न केलेले, बहुधा नोकरी आणि संसार सांभाळून शिक्षणाकडे परतणारे प्रौढ या वाटेने पदवीला येतात. हे वर्ष पदवीचाच भाग असल्याने अर्ज एकदाच, चार वर्षांच्या अभ्यासक्रमासाठी करायचा असतो आणि विद्यार्थी-कर्जही त्याच हिशेबाने मिळते. परदेशी विद्यार्थ्यांसाठीचे इंटरनॅशनल फाउंडेशन हा निराळा प्रकार आहे. त्याचे नियम इथे लागू होत नाहीत.

‘औपचारिक पात्रता नसली तरी चालेल’ याचा अर्थ विभागागणिक बदलतो. पुष्कळ ठिकाणी ए-लेव्हलची सूट मिळते, पण जीसीएसई (सोळाव्या वर्षाच्या सुमारास होणारी शालेय परीक्षा) इंग्रजी आणि गणितात ग्रेड ४ (जुना सी) मागतात. त्याऐवजी फंक्शनल स्किल्स लेव्हल २ (व्यवहारोपयोगी इंग्रजी-गणिताची पात्रता) अनेक विद्यापीठे मानतात. ज्यांच्याकडे ग्रेड ४ नाही अशा १९ वर्षांवरील प्रौढांना हे विषय इंग्लंडमध्ये सहसा विनाशुल्क शिकता येतात. काही विभाग लेखी चाचणी किंवा मुलाखत घेऊन तीही अट सोडतात. संकेतस्थळावरचे ‘प्रत्येक अर्जाचा स्वतंत्र विचार होतो’ हे वाक्य म्हणजे होकार नव्हे. त्यामुळे अर्ज भरण्याआधी प्रवेश कार्यालयाला ईमेल करून आपली परिस्थिती सांगावी, जीसीएसईबद्दल नेमके विचारावे आणि आलेले उत्तर जपून ठेवावे.

अर्ज यूकॅस या विद्यापीठ-प्रवेशाच्या केंद्रीय संस्थेमार्फत होतो. पाच पर्याय देता येतात. सगळ्यात महागात पडणारी चूक अभ्यासक्रमाच्या कोडची आहे. त्याच नावाच्या तीन वर्षांच्या पदवीचा कोड निराळा असतो. तो निवडला तरी अर्ज विनातक्रार पुढे जातो आणि पात्रता अपुरी म्हणून नाकारला जातो. शिक्षणाच्या भागात अर्धवट सोडलेली शाळा आणि नापास परीक्षाही लिहाव्या लागतात. त्या लपवल्या आणि नंतर उघड झाल्या, तर मिळालेला प्रवेश जाऊ शकतो. जुने प्रमाणपत्र हरवले असेल तर ग्रेड आठवणीने न लिहिता परीक्षा मंडळाकडून शुल्क भरून नोंद मिळवावी. ज्यांचे शिक्षण दुसऱ्या देशात झाले, ते अनेकदा स्वतःला उगाच ‘पात्रता नसलेले’ समजतात; परदेशी पात्रतांची ब्रिटिश पात्रतांशी तुलना करणाऱ्या यूके एनिककडून त्या शिक्षणाची तुलना करून घेतली तर थेट पदवीचेही दार उघडू शकते.

२०२६ च्या प्रवेशापासून पर्सनल स्टेटमेंट (अर्जातले स्वतःबद्दलचे निवेदन) तीन प्रश्नांत विभागले आहे : हा विषय का, आजवरच्या शिक्षणाने काय तयारी झाली, आणि शिक्षणाबाहेर काय केले. एकूण मर्यादा ४,००० अक्षरांची, मोकळ्या जागा धरून. प्रत्येक उत्तर किमान ३५० अक्षरांचे. अडचण दुसऱ्या प्रश्नाशी येते. शाळेबद्दल सांगण्यासारखे काही नाही म्हणून तिथे ‘मला शिकण्याची आवड आहे’ अशी वाक्ये भरली जातात. त्यांचा उपयोग नसतो. निवड करणाऱ्याला हवा असतो अलीकडच्या अभ्यासाचा पुरावा : कामावरचे प्रशिक्षण, ओपन युनिव्हर्सिटीच्या ओपनलर्नवरचा एखादा मोफत अभ्यासक्रम, विषयावर वाचलेले काही आणि त्यातून पडलेला प्रश्न. अर्जाआधीचे दोन-तीन महिने यासाठी दिले तर या उत्तराला वजन येते. तिसऱ्या उत्तरात केअर होममधल्या नोकरीचे नुसते नाव पुरत नाही. औषधांच्या नोंदी ठेवल्या, पाळ्या लावल्या, कुटुंबीयांना अहवाल दिले, असे तपशील हवेत. शिफारसपत्र वरिष्ठ किंवा प्रशिक्षकाचे चालते. नातेवाईक, मित्र किंवा जोडीदाराचे चालत नाही.

जानेवारीच्या मध्याची मुदत गाठली की सर्व अर्जांचा सारखा विचार होतो. जागा उरल्या तर नंतरही, अगदी जुलैपासूनच्या क्लिअरिंगमध्येही (उरलेल्या जागा भरण्याच्या फेरीत) प्रवेश मिळतो. मात्र तेव्हा मुलांची सोय आणि कर्जाची कागदपत्रे यांची धावपळ होते. कर्जाचा अर्ज जागा पक्की होण्याआधीच करता येतो आणि करावाच.

२०२५-२६ पासून वर्गात शिकवल्या जाणाऱ्या विषयांच्या (व्यवस्थापन, समाजशास्त्र, मानव्यविद्या) फाउंडेशन इयरची फी कमाल ५,७६० पौंड आहे. प्रयोगशाळेच्या विषयांना त्याच वर्षी ९,५३५ पौंडांपर्यंत फी घेता येते. फीच्या कर्जाचा हक्क साधारणपणे अभ्यासक्रमाची वर्षे अधिक एक, वजा पूर्वी शिकलेली वर्षे, असा मोजतात. पूर्वी दोन वर्षे विद्यापीठात काढून सोडून दिलेल्याला चार वर्षांच्या पदवीसाठी तीनच वर्षांचे कर्ज उरते आणि पहिल्या वर्षाची फी खिशातून जाते.

शिकवणारी संस्था आणि पदवी देणारे विद्यापीठ एकच आहे का, हे पाहावे. विद्यापीठाच्या नावावर खासगी संस्थेत चालणाऱ्या वर्गांसाठीच्या कर्जाची चौकशी नॅशनल ऑडिट ऑफिस या सरकारी खर्च तपासणाऱ्या संस्थेने केली आणि तिचा अहवाल जानेवारी २०२४ मध्ये आला. एजंटने तयार करून दिलेले स्टेटमेंट तर कधीच पाठवू नये. यूकॅसची प्रणाली नक्कल पकडते.

फाउंडेशन इयर उत्तीर्ण झाले म्हणून जीसीएसईची गरज संपत नाही. पदवीनंतर शाळेत शिक्षक व्हायचे तर इंग्रजी आणि गणितात ग्रेड ४ किंवा समकक्ष लागतेच, प्राथमिकसाठी विज्ञानातही. शिवाय हे वर्ष बहुधा त्याच विद्यापीठात मोजले जाते. कुठे शिकायचे हे ठरले नसेल तर ॲक्सेस टू हायर एज्युकेशन डिप्लोमा (प्रौढांसाठीची विद्यापीठ-तयारीची पात्रता) बरा : ६० क्रेडिट, पैकी ४५ लेव्हल ३ चे (ए-लेव्हलच्या पातळीचे) श्रेणीसह, आणि तो अनेक विद्यापीठांत चालतो. त्यासाठी घेतलेले ॲडव्हान्स्ड लर्नर लोन (अशा अभ्यासक्रमांच्या फीसाठीचे सरकारी कर्ज) पुढे पदवी पूर्ण केल्यावर माफ होते.