सेवादात्यांच्या जाळ्यातील इथरनेट ब्रिजिंग: काय रुजले आणि काय मागे पडले

दूरसंचार सेवादात्यांच्या जाळ्यांसाठी इथरनेट ब्रिजिंगची जी मानके २००५ ते २०१२ या काळात आयईईई या संस्थेने संमत केली, ती एकापाठोपाठ एक वाचली तर प्रत्येक मानक आधीच्या मानकाची उणीव भरून काढताना दिसते. प्रत्यक्ष जाळ्यांमध्ये मात्र यांपैकी एक मानक जगभर पसरले, दुसरे मोजक्या ठिकाणी वापरले गेले आणि तिसरे मोठ्या चर्चेनंतर जवळजवळ विस्मृतीत गेले. ही असमानता समजून घेताना एक गोष्ट लक्षात ठेवावी लागते. सेवादात्यांनी इथरनेटची फ्रेम, म्हणजे माहितीचे पाकीट, आणि तिच्यावरचा टॅग, म्हणजे ओळखीची चिठ्ठी, मनापासून स्वीकारला, पण ती फ्रेम कोणत्या वाटेने जावी हे ठरवण्याचे काम त्यांनी ब्रिजकडे, म्हणजे जाळ्याचे भाग जोडणाऱ्या उपकरणाकडे, फारसे कधी सोपवलेच नाही.

१९७३ साली झेरॉक्सच्या पालो आल्टो येथील संशोधन केंद्रात इथरनेट जन्मले, ते एका इमारतीतील संगणक जोडण्यासाठी. ब्रिजची कार्यपद्धतीही तशीच घरगुती होती. कोणता मॅक पत्ता, म्हणजे यंत्राचा स्वतःचा हार्डवेअर पत्ता, कोणत्या पोर्टच्या बाजूला आहे हे येणाऱ्या फ्रेमवरून शिकायचे आणि पत्ता ठाऊक नसेल तर फ्रेम सगळ्या पोर्टवर सोडून द्यायची. अशा जाळ्यात वर्तुळाकार मार्ग राहिला तर फ्रेम फिरतच राहतात, म्हणून रेडिया पर्लमन यांनी १९८५ मध्ये डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनमध्ये असताना स्पॅनिंग ट्री प्रोटोकॉल रचला. तो जादा दुवे बंद ठेवतो आणि बिघाड झाल्यावर उघडतो. मूळ प्रोटोकॉलला या उघडझापीसाठी ३० ते ५० सेकंद लागत. त्याच काळात टेलिफोन कंपन्यांची एसडीएच ही वाहतूक यंत्रणा तुटलेला मार्ग ५० मिलिसेकंदांत बदलत असे. ज्या अभियंत्यांनी आयुष्यभर ५० मिलिसेकंदांचा हिशेब सांभाळला होता, त्यांना इथरनेट हे वाहतुकीचे साधन म्हणून पटणे कठीण होते, आणि त्यांची शंका रास्तच होती.

तरीही ग्राहकांकडून ओढ निर्माण झाली. भाड्याच्या वाहिन्या २, ३४, १५५ मेगाबिट अशा ठरलेल्या पायऱ्यांनी वाढत आणि प्रत्येक पायरीला नवे उपकरण लागे. ग्राहकाच्या कार्यालयात मात्र इथरनेटचे पोर्ट आधीच उपलब्ध होते आणि ते स्वस्तही होते. १९९० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत केवळ इथरनेटवर शहरी सेवा विकणाऱ्या काही नव्या कंपन्या निघाल्या. त्यांतील सॅन फ्रान्सिस्कोची यिप्स २००२ मध्ये दिवाळखोरीत गेली, पुन्हा उभी राहिली आणि २००७ मध्ये, नवी मुंबईत मुख्यालय असलेल्या रिलायन्स कम्युनिकेशन्सच्या समूहाने ती सुमारे ३० कोटी डॉलरला विकत घेतली. दरम्यान २००१ मध्ये मेट्रो इथरनेट फोरमची स्थापना झाली होती. ब्रिज कसा बांधावा यापेक्षा सेवा कशी वर्णावी, म्हणजे दोन टोकांची, अनेक टोकांची की वृक्षाकार, यावर या मंचाने भर दिला. त्यामुळे आतील तंत्रज्ञान कोणतेही असले तरी ग्राहकाला तीच सेवा विकता येऊ लागली. ब्रिजिंगच्या पुढील वाटचालीवर या निर्णयाचा परिणाम झाला, कारण सेवेचे नाव आणि यंत्रणेचे नाव यांची फारकत येथेच झाली.

सेवादात्यांची पहिली अडचण आकड्यांची होती. व्हीलॅनच्या, म्हणजे एकाच जाळ्यातील आभासी विभागाच्या, टॅगमध्ये क्रमांकासाठी १२ बिट असतात, म्हणजे ४,०९६ क्रमांक आणि त्यांपैकी वापरण्याजोगे ४,०९४. शिवाय ग्राहक स्वतःच्या कार्यालयात तेच क्रमांक वापरत असत आणि दोन ग्राहकांच्या क्रमांकांची टक्कर अटळ होती. त्यावर उपाय म्हणून ग्राहकाचा टॅग तसाच ठेवून त्याच्या बाहेर सेवादात्याचा आणखी एक टॅग लावला गेला. उपकरण निर्मात्यांनी हा उपाय आपापल्या परीने आधीच बाजारात आणला होता, आणि डिसेंबर २००५ मध्ये आयईईईने ८०२.१एडी या नावाने त्याला मान्यता दिली. व्यवहारात त्याला सगळे क्यू-इन-क्यू म्हणतात. मानक उशिरा आल्याची किंमतही मोजावी लागली. बाहेरच्या टॅगची ओळख पटवणारा षोडशमान संकेत मानकानुसार ८८ए८ असला तरी जुन्या उपकरणांत ९१०० रुळला होता आणि अनेक जण दोन्ही टॅगसाठी ८१०० हाच संकेत वापरत होते. दोन कंपन्यांची जाळी जोडताना हा संकेत जुळला नाही, किंवा टॅगमागे वाढणारे ४ बाइट धरून फ्रेमची कमाल लांबी वाढवली गेली नाही, तर दुवा चालू दिसतो पण माहिती पोहोचत नाही.

या मानकाला खरा प्रसार मिळाला तो ब्रॉडबँडमध्ये. डीएसएलची, म्हणजे टेलिफोनच्या तारेवरील ब्रॉडबँडची, वाहतूक एटीएम या जुन्या वाहतूक पद्धतीवरून इथरनेटवर आणण्यासाठी डीएसएल फोरमने २००६ मध्ये टीआर-१०१ हा दस्तऐवज प्रसिद्ध केला. त्यातील एका पद्धतीत बाहेरचा टॅग भागातील उपकरण दाखवतो आणि आतला टॅग त्या उपकरणावरील ग्राहक दाखवतो, म्हणजे जणू इमारतीचे नाव आणि सदनिकेचा क्रमांक. पुढे फायबर आले आणि डीएसएलच्या उपकरणांच्या जागी ओएलटी, म्हणजे फायबरच्या सेवादात्याकडील टोकाचे उपकरण, बसले, तरी ही जोडी टिकली. २००९ मध्ये स्थापन झालेल्या ऑस्ट्रेलियाच्या एनबीएन कंपनीने आपले जाळे इतर सेवादात्यांना घाऊक तत्त्वावर देताना बाहेरच्या टॅगला एकत्रित क्षमतेची वाहिनी आणि आतल्या टॅगला एकेका घराची जोडणी ठरवून दिली. येथे ब्रिज काही शिकतो किंवा वाट शोधतो असे क्वचितच घडते. टॅग हा केवळ पत्ता असतो आणि निर्णय पुढच्या ब्रॉडबँड गेटवेवर होतो. माझ्या मते क्यू-इन-क्यूच्या यशाचे मूळ या मर्यादित अपेक्षेत आहे.

मोठ्या जाळ्यासाठी मात्र क्यू-इन-क्यू अपुरे होते. गाभ्यातील प्रत्येक स्विचला, म्हणजे ब्रिजला, सर्व ग्राहकांच्या सर्व यंत्रांचे मॅक पत्ते शिकावे लागत, आणि तक्ता भरला की अनोळखी फ्रेम सर्वत्र पसरत. २००८ च्या ८०२.१एएच मानकाने ग्राहकाची संपूर्ण फ्रेम सेवादात्याच्या नव्या मॅक शीर्षकात गुंडाळली, त्यामुळे गाभ्याला फक्त स्वतःच्या सीमेवरील उपकरणांचे पत्ते माहीत असणे पुरेसे झाले. सेवेच्या क्रमांकाला २४ बिट मिळाले, म्हणजे सुमारे १ कोटी ६७ लाख सेवा.

या मॅक-इन-मॅक रचनेवर कॅनडाच्या नॉर्टेल या दूरसंचार उपकरण कंपनीने आणखी एक धाडसी पाऊल टाकले. त्यांच्या प्रोव्हायडर बॅकबोन ट्रान्सपोर्ट या पद्धतीत स्पॅनिंग ट्री बंद, पत्ते शिकणे बंद आणि अनोळखी फ्रेम पसरवणेही बंद. कोणती फ्रेम कुठे जाईल हे मध्यवर्ती व्यवस्थापन यंत्रणा आधीच लिहून ठेवते, मुख्य मार्गासोबत राखीव मार्गही आखते आणि बिघाड होताच वाहतूक तिकडे वळते. एसडीएच सांभाळलेल्या अभियंत्यांना हे सारे ओळखीचे वाटले. ब्रिटनच्या बीटी या दूरसंचार कंपनीने २००४ मध्ये सुमारे १० अब्ज पौंडांचा '२१सीएन' हा जाळे नव्याने उभारण्याचा कार्यक्रम जाहीर केला होता आणि जानेवारी २००७ मध्ये त्यासाठी नॉर्टेलचे हे तंत्रज्ञान निवडले. एवढ्या मोठ्या कंपनीच्या निवडीने साऱ्या उद्योगाचे लक्ष वेधले गेले.

नेमक्या त्याच महिन्यात, जानेवारी २००७ मध्ये, एमपीएलएसवर, म्हणजे लेबल पाहून माहिती पुढे पाठवणाऱ्या पद्धतीवर, बहुटोकी इथरनेट सेवा देणाऱ्या व्हीपीएलएसची दोन मानके इंटरनेटची मानके ठरवणाऱ्या आयईटीएफने प्रसिद्ध केली. दुसऱ्या बाजूचे वजन त्यावरून समजते. बहुतेक मोठ्या सेवादात्यांनी आयपी आणि कंपन्यांच्या खासगी जाळ्यांसाठी एमपीएलएस आधीच बसवले होते, माणसे प्रशिक्षित झाली होती आणि देयकापासून दुरुस्तीपर्यंतच्या पद्धती त्याभोवती घडल्या होत्या. नॉर्टेलची पद्धत दोन टोकांच्या जोडणीत उत्तम होती, पण बहुटोकी सेवेसाठी वेगळे काही लागणारच होते. मग एकाच जाळ्यात दोन यंत्रणा का सांभाळाव्यात, या प्रश्नाला समाधानकारक उत्तर नव्हते. २००८ मध्ये बीटीने या तंत्रज्ञानातून हात आखडता घेतला. जानेवारी २००९ मध्ये नॉर्टेलने दिवाळखोरीसाठी अर्ज केला. त्याच वर्षी याच पद्धतीचे ८०२.१क्यूएवाय हे मानक पूर्ण झाले, पण तोवर त्याचा सर्वांत मोठा पुरस्कर्ता उरला नव्हता. नॉर्टेलचा शहरी इथरनेटचा व्यवसाय २०१० मध्ये सिएना या उपकरण कंपनीकडे गेला.

केवळ नॉर्टेल बुडाल्यामुळे हे तंत्रज्ञान बुडाले, असे म्हणणे मला मान्य नाही. आधीपासून आखलेले मार्ग, सतत चालणारी तपासणी आणि ठरलेल्या वेळेत होणारा बदल ही त्यातली खरी कल्पना होती, आणि ती एमपीएलएसच्या बाजूने उचलली. आयटीयू या आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाने सुरू केलेले आणि २००८ पासून आयईटीएफसोबत संयुक्तपणे घडवलेले एमपीएलएस-टीपी याच गरजांसाठी आहे. भारतातही त्या काळात या प्रश्नावर स्वतंत्र विचार झाला. पवईच्या आयआयटी मुंबईत प्रा. अश्विन गुमास्ते यांच्या गटाने फ्रेमच्या टॅगमध्येच पुढचा संपूर्ण मार्ग लिहिण्याची 'ऑम्निप्रेझेंट इथरनेट' ही चौकट मांडली, त्यावर आधारित कॅरियर इथरनेट स्विच राउटर तयार केला आणि त्याचे तंत्रज्ञान हैदराबादच्या इलेक्ट्रॉनिक्स कॉर्पोरेशन ऑफ इंडियाला हस्तांतरित केले.

२०१२ च्या ८०२.१एक्यू मानकाने, म्हणजे शॉर्टेस्ट पाथ ब्रिजिंगने, स्पॅनिंग ट्रीच्या जागी आयएस-आयएस हा मार्गनिर्देशन प्रोटोकॉल आणला. नॉर्टेलचा कॉर्पोरेट विभाग घेतलेल्या अवायाने २०१४ च्या सोची हिवाळी ऑलिम्पिकचे जाळे त्यावर उभारले. पुढे हा व्यवसाय २०१७ मध्ये एक्स्ट्रीम नेटवर्क्सकडे गेला. सेवादात्यांपेक्षा विद्यापीठे, रुग्णालये आणि मोठी संकुले येथे या मानकाला अधिक जागा मिळाली.

या इतिहासात फारसा उल्लेख न होणारा, पण सर्वांत खोल रुजलेला भाग देखरेखीचा आहे. २००६ चे आयटीयूचे वाय.१७३१ आणि २००७ चे ८०२.१एजी यांनी इथरनेटला तपासणीची भाषा दिली. दोन टोके एकमेकांना ठरावीक अंतराने लहान संदेश पाठवतात. हे अंतर ३.३३ मिलिसेकंदांइतके कमी ठेवता येते आणि सलग तीन संदेश चुकले की बिघाड मानला जातो. विलंब आणि गळती मोजण्याचीही सोय वाय.१७३१ मध्ये आहे. ५० मिलिसेकंदांच्या जुन्या शंकेला उत्तर मिळाले ते येथे आणि २००८ च्या जी.८०३२ या वलयाकार जाळ्यांच्या संरक्षणाच्या मानकात, ज्यात तपासणीचे हेच संदेश वापरले जातात. मोबाइल मनोऱ्यांची वाहतूक इथरनेटवर आली तेव्हा सेवादात्यांनी करारात लिहिलेली गुणवत्ता सिद्ध करण्यासाठी हीच मोजमापे वापरली, मग गाभ्यात एमपीएलएस असो वा आणखी काही.

२०१५ मध्ये आलेल्या ईव्हीपीएन या इथरनेट सेवेच्या पद्धतीने मॅक पत्ते शिकण्याचे काम मुख्यतः बीजीपी या मार्गनिर्देशन प्रोटोकॉलकडे सोपवले. त्याच वर्षी मॅक-इन-मॅक आणि ईव्हीपीएन यांचा मेळ घालणारे मानकही आले, त्यात ग्राहकांचे पत्ते लपवण्याची २००८ ची युक्ती तशीच वापरली आहे. ८०२.१एडी, ८०२.१एएच आणि ८०२.१क्यूएवाय ही मानके स्वतंत्र दस्तऐवज म्हणून आता उरलेली नाहीत, कारण २०११ च्या आवृत्तीत ती ८०२.१क्यू या मूळ मानकात सामावली गेली. आज घरी फायबरची जोडणी घेणाऱ्या अनेक ग्राहकांच्या फ्रेमवर ओएलटीपासून गेटवेपर्यंत त्यांतले पहिलेच, दोन टॅगांचे, मानक चालू असते.