दावोसचे ऊन आणि त्याचे माप

दावोस म्हटले की जानेवारीतले सामंजस्य करार आणि त्यांचे आकडे आठवतात. ती जागतिक आर्थिक परिषद १९७१ची. त्याआधी शंभर वर्षे १,५६० मीटर उंचीवरची ही वस्ती ऊन आणि हवा यांवरच पोट भरत होती. १८६५च्या हिवाळ्यात पहिले क्षयरोगी आले, १८९०मध्ये रेल्वे आली, पाठोपाठ दक्षिणमुखी सज्ज्यांची आरोग्यधामे उभी राहिली. रुग्ण घोंगड्या पांघरून तासन्‌तास सज्ज्यात पडून असत. पण औषध म्हणून दिले जाणारे ऊन नेमके किती, हे कोणालाच सांगता येत नव्हते. आजारी मुलीसाठी इथे आलेल्या एका जर्मन उद्योजकाने १९०७मध्ये स्वखर्चाने वेधशाळा काढली ती यासाठीच. पुढे प्रतिजैविके आली, आरोग्यधामांची हॉटेले झाली. हिमसंशोधन संस्था १९४५पासून हिमकड्यांचे इशारे देऊ लागली. वेधशाळाही टिकली आणि १९७१मध्ये जागतिक प्रारण केंद्र झाली. प्रारण म्हणजे इथे अणुभट्टीचा किरणोत्सर्ग नव्हे, तर सूर्याकडून दर चौरस मीटरला येणारे वॉट.

खरा गुंता मापपट्टीचा. १९०५ची युरोपीय आणि १९१३ची अमेरिकी अशा दोन पट्ट्या होत्या, त्यांच्यात साडेतीन टक्क्यांचा फरक धरला जाई. १९५६मध्ये पहिलीत दीड टक्का मिळवला, दुसरीतून दोन टक्के वजा केले आणि एकच पट्टी जाहीर झाली. ही उघड तडजोड होती. दोन दशकांनी दावोसच्या उपकरणसंचावरून नवा संदर्भ, म्हणजे नवी प्रमाण पट्टी ठरली, ती १९५६च्या पट्टीपेक्षा दोन टक्क्यांहून थोडी अधिक वर निघाली. जुन्या वह्यांतले आकडे नव्या आकड्यांना तसेच जोडले, तर ऊन वाढल्याचा खोटा निष्कर्ष निघतो.

ऊन मोजणाऱ्या या उपकरणात काळी पोकळी असते. झडप उघडली की ऊन तिला तापवते. झडप मिटली की तेवढीच उष्णता विजेने द्यायची. दोन्ही वेळच्या विजेतला फरक भागिले छिद्राचे क्षेत्रफळ, हे उत्तर. छिद्र ५ मिलिमीटर व्यासाचे असेल, तर कडक उन्हात आत जेमतेम २० मिलिवॉट जातात. व्यास मोजताना ०.०१ मिलिमीटरची चूक झाली, तरी उत्तर ०.४ टक्के चुकते. संपूर्ण संदर्भाची अनिश्चितता ०.३ टक्के मानली जाते, हे लक्षात घेतले की ही चूक किती मोठी ते कळते. वारा पोकळीची उष्णता पळवतो, आणि सूर्याभोवतीच्या विरळ ढगाचा उजेडही छिद्रातून आत शिरतो; म्हणून असे दिवस मोजणीतून वगळतात.

अतिशीत उपकरणांशी ताडून पाहिल्यावर हा संदर्भही सुमारे ०.३ टक्के जास्त दाखवतो असे आढळले. पट्टी बदलली, तर चार दशकांच्या सगळ्या नोंदींना गुणक लावावा लागेल. तो लावलाच पाहिजे. एवढीशी चूकसुद्धा हवामानाच्या दीर्घ नोंदीत बदल म्हणून वाचली जाईल.

दर पाच वर्षांनी शरद ऋतूत देशोदेशीची उपकरणे या संदर्भाशी ताडण्यासाठी इथे शेजारी शेजारी सूर्याकडे रोखतात. आशियाच्या प्रादेशिक प्रारण केंद्रांपैकी एक पुण्यात आहे.